झांझिबारचं चर्च आणि शरणपूर रोड



झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये एक अँग्लिकन चर्च आहे. त्याच्या आवारात जमिनीत चौकोनी खड्डा आहे आणि खड्ड्यात पाच माणसं उभी आहेत. क्लारा सोर्नास या स्वीडिश शिल्पकर्तीनं १९९८ मध्ये घडवलेली. गळ्यात लोखंडी कडी, एकाच साखळीत ओवलेली. साखळी मात्र त्या काळातली, खरी. आपण वर उभे, ती खाली. गिऱ्हाईकं अशीच बघत असतील, हे मनात आलं आणि मला उभं राहवेना. मी काठाशी खाली बसले.

इथं गुलामांचा बाजार भरायचा. १८७३ च्या जूनमध्ये इंग्रज आरमाराच्या धाकानं सुलतान बर्गश यांनी करारावर सही केली आणि बाजार उठला. आधी त्यासाठी बोलणी करायला आले होते सर बार्टल फ्रियर, मुंबईचे माजी गव्हर्नर. त्याच वर्षी नाताळला बाजाराच्या जागेवर चर्चची पायाभरणी झाली. जिथं माणसांना खांबाला बांधून फटके मारत, तिथंच आज वेदी आहे असं सांगतात.

आत एक साधा लाकडी क्रूस आहे. त्याच्यापुढून माझा पाय निघेना. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी वारले. सोबतच्या आफ्रिकी माणसांनी त्यांचं हृदय एका झाडाखाली पुरलं आणि देह शेकडो मैल चालत समुद्राकाठी आणला. हा क्रूस त्याच झाडाच्या लाकडाचा.

त्या झाडाच्या खोडावर मृत्यूची नोंद कोरली जेकब वेनराइटनं. तो याओ जमातीचा. लहानपणीच गुलाम झालेला, इंग्रजांच्या जहाजानं सोडवलेला. तो लिहायला-वाचायला शिकला कुठं? आपल्या नाशकात. अरबी समुद्रात सोडवलेली अशी कितीतरी मुलं मुंबईला उतरवली जात आणि त्यातली काही नाशिकजवळच्या शरणपूरला, मिशनच्या आश्रमात पाठवली जात. तिथं ती सुतारकाम शिकत, लोहारकाम शिकत, अक्षरं गिरवत. लिव्हिंगस्टनच्या देहाबरोबर विलायतेला गेला तो जेकबच. १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीशी तो उभा होता.

मी नाशिकची. शरणपूर रोडवरून रोज शाळेत जायची. शरण आलेल्यांचं पूर, एवढं नावातच लिहिलेलं होतं. कोण आले होते शरण, हे दहा वर्षांत एकदाही मी कुणाला विचारलं नाही.