दाखल्यावरील एक रकाना



शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ हे जे दोन शब्द बहुधा लिहिले जातात, त्यांच्या आड किती मुलींचे विवाह आणि किती मुलींची बाळंतपणे झाकली गेली असतील, याची रुजुवात कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही.

कंधार, मुखेड, अहमदपूर, जळकोट या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात ऊसतोडीचा मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, त्यामुळे फडावर निघण्यापूर्वी पोराचे लग्न उरकणे हा हिशेबाचाच भाग होऊन बसतो, आणि वयात आलेली लेक मागे कोणाच्या भरवशावर ठेवावी या विवंचनेने तिचेही हात पिवळे केले जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झालेले आढळले. आणि १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली त्या वेळी माता झालेल्या अथवा गर्भवती होत्या.

प्रश्न जुनाच आहे. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा फसविल्या गेलेल्या विधवेला गुप्तपणे बाळंत होता यावे एवढी सोयदेखील क्रांतिकारक होती. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी माता झाल्या, त्यांचे मूल दहा दिवसांत गेले, आणि पुढे १८८६ साली फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या बुद्धीचे व जिद्दीचे गुणगान आपण यथेच्छ करतो. परंतु ते मूल जगले असते तर आनंदीबाई शिकत असताना त्यास कोणी सांभाळले असते, हा प्रश्न आपल्या मनास शिवत नाही. माझ्या आजच्या विषयाचे मर्म त्याच प्रश्नात आहे.

अशा मातेस पुढे शिकण्याची वाट कागदोपत्री मोकळी आहे. वर सांगितलेले तालुके ज्यात मोडतात त्या लातूर विभागीय परीक्षा मंडळाच्या अखत्यारीत लातूर, नांदेड व धाराशिव हे तीन जिल्हे येतात, आणि तेथे सतरा नंबरचा फॉर्म भरून घरबसल्या दहावीस बसता येते. राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ आहे, १९८९ पासून नाशिकचे मुक्त विद्यापीठ आहे. अडचण आहे ती उंबऱ्यात. २००९ चा शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षी मुलीचा हात सोडतो; अंगणवाडीत लेकरू बसविता येते ते तीन वर्षांचे झाल्यावर; आणि दाखला अडकलेला असतो माहेरच्या शाळेत, जेव्हा मुलगी सासरी चुलीपुढे असते. शिवाय २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये अल्पवयीन गर्भवतीची खबर पोलिसांत देणे बंधनकारक असल्यामुळे, पती व सासरा तुरुंगात जातील या धास्तीने कुटुंब दवाखान्याची पायरीच टाळू पाहते. म्हणजे जो कायदा तिच्या रक्षणार्थ झाला, त्याच्याच भयाने ती औषधोपचारास पारखी होते.

दहावीच्या एका केंद्राबाहेर, फाल्गुनाच्या उन्हात, कडुनिंबाखाली तान्हे बाळ मांडीवर घेऊन बसलेली एक आजी मी पाहिली आहे. बाळ रडू लागले की ती उठून फाटकाच्या गजांपाशी येई, वर्गाच्या खिडकीकडे पाही, आणि ओल्या फडक्याचे टोक बाळाच्या ओठांस लावी. आत सून गणिताचा पेपर सोडवीत होती. त्या केंद्रावर पोलीस होता, पाण्याचा माठ होता, भरारी पथक येऊन गेले; बाळास पाजण्यापुरती अर्ध्या तासाची मुभा आणि एक आडोसा मात्र कोणाच्या ध्यानी आला नव्हता.

अशी सोय करणे अशक्य आहे काय? जमैका या लहानशा बेटावर १९७८ साली एक महिला केंद्र निघाले. तेथे गर्भवती मुली वर्ग चुकू न देता शिकतात, प्रसूतीनंतर बाळ पाळणाघरात ठेवतात आणि नेहमीच्या शाळेत परततात. आपल्याच मराठवाड्यात पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने विवाहित किशोरींची गरज निराळी आहे हे ओळखून गावोगाव त्यांची आरोग्यसेवा उभी केली. त्या सेवेला शाळेची जोड देणे हे आपले काम.

बालविवाह रोखलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु जो रोखता आला नाही, त्याची शिक्षा त्या मुलीच्या पाटीपुस्तकाने का भोगावी? तालुक्याला एक पाळणाघर, परीक्षा केंद्रावर एक आडोसा आणि हजेरीपटावर कायम राहिलेले तिचे नाव, एवढेच मागणे आहे. सभेत बसलेल्या मुख्याध्यापकांस माझी विनंती अशी की, पालकांच्या अर्जावरून दाखला देण्यापूर्वी त्या मुलीस एकदा कचेरीत बोलावून घ्या, आणि तिची इच्छा काय आहे ते तिच्याच तोंडून ऐका.