दम धरा



अध्यक्षाने आधी विषयाची थोरवी गावी आणि मग संयोजकांचे आभार मानावेत, असा प्रघात आहे. आभार मनापासून आहेत. थोरवी गाळतो, कारण मला एका फजितीपासून सुरुवात करायची आहे.

डाव्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांना श्वास रोखून किरणोपचार द्यायला आम्ही नुकतीच सुरुवात केली होती. टेबलावर मराठवाड्यातल्या एक मावशी होत्या. तंत्रज्ञ बाहेरून माइकवर म्हणाला, “मावशी, दम धरा.” पडद्यावरची छातीची रेघ खालीवर होतच राहिली. त्याने पुन्हा सांगितले, “दम धरा.” आतून शांत आवाज आला, “धरलाय की बाबा. मला कुठं घाई हाय?”

आम्ही हसलो खरे. पण मशीन कोट्यवधींचे, किरण मिलिमीटरच्या हिशेबाने आखलेले, आणि ते सगळे अडले होते एका क्रियापदापाशी.

इथे बसलेल्या फिजिसिस्टांना हे सांगायला नको, पण आज सभागृहात नर्सिंगच्या विद्यार्थिनीही आहेत, म्हणून सांगतो. एक्स-किरण शरीरात कुठे थांबत नाहीत, आरपार जातात. म्हणून स्तनाला ते समोरून न देता दोन बाजूंनी तिरके, छातीची भिंत चाटून जातील असे देतात. डावीकडे त्या भिंतीच्या लगेच मागे हृदय असते आणि त्याच्या पुढच्या अंगावरून डावी पुढची रक्तवाहिनी उतरते. रुग्णाने छाती भरून श्वास घेतला की श्वासपटल खाली सरकते, फुफ्फुस फुगते आणि हृदय भिंतीपासून मागे-खाली जाते. फट लहानच पडते, पण किरणांच्या वाटेतून हृदय बाजूला व्हायला बहुतेकींना तेवढी पुरते.

मी शिकत होतो तेव्हा कोबाल्टचे मशीन होते. सिम्युलेटरच्या फिल्मवर पेन्सिलीने चौकट आखायची. तिच्या कडेला हृदयाची सावली स्पष्ट दिसायची. ती आम्ही पाहायचो आणि सही करायचो. बाई कॅन्सरमधून वाचते आहे, मग एवढ्याशा सावलीचे काय, अशी तेव्हाची समजूत. २०१३ साली ऑक्सफर्डच्या सारा डार्बी आणि सहकाऱ्यांनी त्या सावलीचा हिशेब मांडला. १९५८ ते २००१ या काळात स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये किरणोपचार घेतलेल्या २,१६८ स्त्रियांची माहिती त्यांनी तपासली. हृदयाला मिळालेला सरासरी डोस एका ग्रेने वाढला की हृदयविकाराच्या गंभीर घटनांचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो, असे दिसले. ‘इथपर्यंत चालेल’ म्हणावे अशी खालची मर्यादा सापडली नाही. पहिल्या पाच वर्षांतच वाढू लागलेला धोका तिसऱ्या दशकातही टिकून होता. मुळात जिला रक्तदाब नाही, तंबाखू नाही, तिचा हा वाढीव धोका प्रत्यक्षात लहानच असतो. त्या आकड्याने घाबरून कुणी उपचार नाकारू नयेत. पण आम्ही सह्या केलेल्या फिल्म मला अजून आठवतात.

आता यंत्रांविषयी. खारघरला अॅक्ट्रेक या कॅन्सर संस्थेत प्रोटॉन-उपचाराची सोय झाली, याचा मला आनंद आहे. प्रोटॉन ठरल्या खोलीवर थांबतात. पण स्तनाच्या बहुसंख्य रुग्णांना त्यांची गरज नाही, हे आपणच सांगायला हवे. नातेवाईक शेत विकायला निघण्याआधी. श्वास रोखायला महागडे यंत्रच लागते असेही नाही. लंडनच्या रॉयल मार्सडेनच्या गटाने दाखवून दिले की रुग्णाने स्वतःहून रोखलेला श्वास यंत्राच्या झडपेने रोखलेल्या श्वासाच्या तोडीचा ठरतो. लागते ती शिकवणी. आपल्याकडे प्लॅनिंगला अर्धा दिवस मिळतो आणि शिकवणीला सीटीच्या दारात पाच मिनिटे.

त्या पाच मिनिटांत काय बिघडते ते तंत्रज्ञांना विचारा. बाई पोट फुगवते, छाती तशीच राहते. रेघ वर जावी म्हणून पाठ उचलते; पडद्यावर सगळे ठीक दिसते आणि आत हृदय जागचे हलत नाही. परक्या पुरुषाच्या आवाजावर, उघड्या अंगाने, हात डोक्यावर घेऊन छाती फुगवायची, हे तिला किती जड जाते याची नोंद कोणत्याच प्लॅनमध्ये नसते. आमच्या एका सिस्टरने मावशींना सांगितले, “विहिरीत बुडी मारायच्या आधी घेता ना, तसा श्वास घ्या.” रेघ सरळ वर गेली आणि तिथेच थांबली. ‘दम धरा’ आम्ही त्या दिवसापासून बंद केले.

ब्रिटनमधल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीविषयी दुपारी वाद होणारच आहे. ४,०९६ रुग्ण, तीन आठवड्यांतल्या १५ बैठकांऐवजी एका आठवड्यात पाच, एकूण २६ ग्रे. पाच वर्षांनी त्याच बाजूला आजार उलटण्याचे प्रमाण वाढले नाही. मी योग्य रुग्णांसाठी पाचच्या बाजूचा आहे. मात्र बैठका पाचच असतील, तर पहिल्या दोन दिवसांत श्वास नीट जमला नाही म्हणून पुढे भरून काढू, ही सोय उरत नाही. तेव्हा शिकवणी आधी, घरी सरावाला चार दिवस देऊन.

उद्या सकाळी नऊला तळमजल्यावर उताराची फळी ठेवली आहे. प्रत्येक डॉक्टरने तिच्यावर हात वर करून झोपावे आणि वीस-वीस सेकंद चार वेळा श्वास रोखावा, अशी माझी विनंती आहे. मी परवा झोपलो होतो. तिसऱ्या खेपेला सतराव्या सेकंदाला सोडला.