विश्वप्रमुखांची भाषा



आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्यांनी दोन चेहरे आठवावेत. १९९७ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘शक्तिमान’मधले महागुरू आणि पुढच्याच वर्षी आलेल्या केतन मेहतांच्या ‘कॅप्टन व्योम’मधले विश्वप्रमुख. दोन्ही भूमिका टॉम ऑल्टर यांच्या. तेव्हा मालिकेच्या वेळेला लाइट असली म्हणजे मिळवली! एकजण माळवदावर चढून अँटेना फिरवणार, खालून कालवा, ‘आलं, आलं, आता हात लावू नको!’ आणि गल्लीतली निम्मी पोरं एकाच खोलीत.

‘कॅप्टन व्योम’ घडते २१२३ सालात. अंतराळातल्या तुरुंगातून निसटलेले अट्टल गुन्हेगार पकडण्याची कामगिरी मिलिंद सोमण यांच्या व्योमवर, आणि साऱ्या जगाचा कारभार विश्वप्रमुखांच्या हाती. त्यातली संगणकी अंतराळयानं आजच्या मुलांना दाखवली तर ती हसतील, हसू देत. ऑल्टर बोलायला लागले की मात्र कुणी हसणार नाही. शब्द न् शब्द स्वच्छ, घाई नाही, आवाज चढवणं नाही. जगाचा प्रमुख असाच बोलत असणार, हे आम्हाला पटलं होतं.

हा माणूस आपल्याकडे कसा आला ते थोडक्यात सांगतो. आजी-आजोबा अमेरिकेतून १९१६ साली मिशनरी म्हणून लाहोरला आले. टॉम यांचा जन्म मसुरीचा, २२ जून १९५०. हरियाणात जगाधरीला शाळामास्तर असताना ‘आराधना’ पाहिला, राजेश खन्नांनी वेड लावलं आणि त्या वेडापायी १९७२ साली ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. पुढे नसीरुद्दीन शाह आणि बेंजामिन गिलानी यांच्यासोबत ‘मोटली’ ही नाट्यसंस्था काढली. क्रिकेटचं तर इतकं वेड, की कसोटीत उतरण्याआधीच्या १५ वर्षांच्या सचिन तेंडुलकरची कॅमेऱ्यासमोर मुलाखत घेतली ती यांनीच.

पण सिनेमाने त्यांच्या कातडीकडे पाहिलं. गोरा रंग दिसला की इंग्रज अधिकारी, नाहीतर तस्कर. ‘जबान संभाल के’ या मालिकेत तर हिंदी शिकायला आलेला इंग्रज. त्यांची स्वतःची उर्दू अशी, की पुढे मौलाना आझादांवरचं नाटक त्यांनी एकट्याने रंगमंचावर पेललं. ‘जुनून’ मालिकेतल्या केशव कलसीसारखे अपवाद होते, नाही असं नाही. तरी माझं म्हणणं असं आहे की त्यांना खरा न्याय दिला तो विज्ञानरंजनाने. २१२३ सालात कुणी विचारत नाही, ‘साहेब, तुमचं गाव कोणतं?’ ‘शक्तिमान’मधल्या सूर्यांशींच्या महागुरूला कुणी पासपोर्ट मागत नाही. भविष्यकाळात नेऊन उभं केल्यावरच आपण त्यांना निमूटपणे आपलं मानलं, हे मला फार लागतं.

आपल्या धाराशिव जिल्ह्याला त्यांच्या उर्दूची एक वेगळी खूण आहे. १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. शाळा उर्दू, कचेरी उर्दू, जमिनीचे जुने कागद उर्दू. त्या शाळांत शिकलेले आजोबा १९९८ साली घरोघरी होते. पोरं यानाकडे डोळे लावून बसलेली आणि बाजेवरचे आजोबा उच्चार ऐकताहेत. नुक्ता कुठे लागतो, ‘क़ाफ’ घशातून येतो का, हे त्यांना कळत होतं. ऑल्टर त्यांच्या परीक्षेत उतरले. एकाच खोलीत नातवाला पुढचा काळ मिळाला आणि आजोबांना मागचा. दुसऱ्या कुठल्या नटाने हे केलं असेल असं मला वाटत नाही.

२९ सप्टेंबर २०१७च्या रात्री मुंबईत त्वचेच्या कर्करोगाने ते गेले. वय ६७. बातमी कळली दसऱ्याला, ३० सप्टेंबरला. लोहारा-उमरग्याकडे ही तारीख काढली की आधी याच दिवशी झालेला १९९३चा भूकंपच आठवतो. भूकंपानंतर पुनर्वसित झालेल्या गावांत, नव्या घरांत वाढलेली मुलं हीच तर महागुरूंची प्रेक्षक. त्या दिवशी आपट्याची पानं देता देता त्यांनी ही बातमी एकमेकांना सांगितली असेल.

निजामाच्या काळातल्या उर्दू शाळेत शिकलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. ज्यांच्या घरी असतील त्यांनी आज जेवणं झाल्यावर टॉम ऑल्टर यांची एखादी चित्रफीत मोबाइलवर लावावी, आवाज जरा मोठा ठेवावा आणि नातवंडांनाही शेजारी बसवावं.