मिठाची डबी आणि रिपोर्टची फाइल

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी म्हणजे देशभरातल्या बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथं आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्रातून तर माणसं येतातच, शिवाय तेलंगण, आंध्र, कर्नाटकातूनही तांडेच्या तांडे येतात. ऑक्टोबर 2024 मध्ये इथं नंगारा वाद्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय खुलं झालं. या समाजाचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत. त्या धंद्याला लदेणी म्हणत. 1860 च्या दशकात वऱ्हाडात रेल्वे आली आणि लदेणी हळूहळू मोडली.

त्या काळी मीठ लांबून यायचं आणि जपून वापरलं जायचं. आज किराणा दुकानात सगळ्यात स्वस्त पुडा मिठाचाच असतो, आणि किडनीचा जुना आजार जडलेल्या माणसाला डॉक्टर पहिली ताकीद देतात तीही मिठाचीच. आजचं बोलणं याच आजाराबद्दल आहे. किडनी अर्धीमुर्धी काम करत असताना माणसानं जेवायचं काय आणि जगायचं कसं?

वऱ्हाडात किडनीचं नाव निघालं की लोकांना आधी खारपाणपट्टा आठवतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातली अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतली सुमारे 900 गावं त्यात मोडतात. तिथल्या विहिरींचं खारं पाणी आणि किडनीचे रुग्ण यांवर वर्षानुवर्षं चर्चा चालू आहे. पोहरादेवी त्या पट्ट्याबाहेर आहे. पण किडनी बिघडायला खारंच पाणी लागतं असं नाही. मधुमेह आणि रक्तदाब ही या आजाराची जगभरातली सगळ्यात मोठी दोन कारणं आहेत आणि ती आता तांड्यातांड्यांत पोचली आहेत.

आजार मोठा लबाड आहे. एकेका किडनीत सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यातल्या निम्म्या बंद पडल्या तरी माणूस वावरात कापूस वेचत असतो आणि त्याला पत्ताही नसतो. पायावर सूज, तोंडाची बिघडलेली चव, धाप, खाज ही लक्षणं दिसतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणून ज्यांना साखर किंवा बीपी आहे त्यांनी वर्षातून एकदा दोन तपासण्या करायच्याच : रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. क्रिएटिनिनवरून किडनीची गाळण्याची क्षमता काढतात आणि तिच्यावरून आजाराच्या पाच पायऱ्या ठरतात. 90 च्या वर पहिली पायरी, 15 च्या खाली पाचवी. पहिल्या दोन पायऱ्यांवर नुसत्या या आकड्यावरून आजार ठरत नाही, लघवीतून अल्ब्युमिन जाण्यासारखी दुसरी खूणही लागते.

या पायऱ्या आहाराशी जोडलेल्या आहेत आणि नेमका इथंच घरोघरी घोळ होतो. घरात कुणाची किडनी बिघडली की पाहुणेरावळे येतात आणि जो तो आपली यादी सांगून जातो. डाळ बंद, दूध बंद, टोमॅटो बंद, फळं बंद, पाणी भरपूर. रुग्ण निमूटपणे सगळं सोडतो आणि चार महिन्यांत वाळून जातो. खरं तर पथ्य रिपोर्टवर ठरतं, आणि रिपोर्ट बदलला की पथ्यही बदलतं. शेजारच्या माणसाचं पथ्य आपल्याला लागू पडेलच असं नाही.

सगळ्यांना लागू पडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मीठ. जागतिक आरोग्य संघटनेनं निरोग्यालासुद्धा दिवसाला 5 ग्रॅमच्या आतच मीठ सांगितलं आहे. म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा. हिशेब घरीच करता येतो. चार माणसांच्या घरात एक किलोचा पुडा 50 दिवस पुरायला हवा. तो विसाव्या दिवशीच संपत असेल तर मीठ कुठं जातंय ते शोधावं लागेल.

ते भाकरीत मात्र जात नाही. ज्वारीच्या भाकरीत मीठ घालायची आपल्याकडे पद्धतच नाही, म्हणून किडनीच्या रुग्णासाठी ती उत्तम. मीठ येतं ते भाकरीच्या भोवतालून : ठेचा, लोणचं, पापड, शेव, चिवडा, बेकरीची खारी. पापडात मिठाच्या जोडीला पापडखार असतो, भज्यांत सोडा असतो, आणि दोन्हींत सोडियम आहे. यावर एक सोपा उपाय चालतो. सकाळी रुग्णाच्या नावानं मिठाची छोटी डबी भरून ठेवायची. त्याची भाजी आणि वरण अळणी काढून घ्यायचं आणि दिवसभर जे काही मीठ घालायचं ते त्याच डबीतून. डॉक्टरांनी 5 ग्रॅमपेक्षा कमी सांगितलं असेल तर डबी तेवढीच भरायची. चवीला लिंबू, लसूण, जिरं, हिरवी मिरची, कोथिंबीर आहेच. तव्यावर भाजलेल्या मिरच्या आणि लसूण खलबत्त्यात कुटून वर लिंबू पिळलं, तर चिमूटभर मिठातही ठेचा झणझणीत लागतो.

सैंधव मीठ चालतं, असा एक समज आहे. सैंधवही शेवटी सोडियमच. त्याहून घातक समज ‘कमी सोडियमच्या’ मिठाचा. त्या पुड्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि अशक्त किडनीला पोटॅशियम बाहेर टाकणं जमत नाही. रक्तात ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, क्वचित थांबतातही. असा पुडा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय या रुग्णाच्या ताटात येता कामा नये.

आता डाळीकडे वळू. डायलिसिस सुरू झालेलं नसेल तर मधल्या आणि शेवटच्या पायऱ्यांवर प्रथिनं साधारणपणे वजनाच्या दर किलोला 0.8 ग्रॅम घ्यावीत, असं किडनीतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. 60 किलोच्या माणसाला म्हणजे दिवसाला 48 ग्रॅम. आपल्या नेहमीच्या जेवणात हे कसं बसतं ते बघा. चार भाकरींतून 20 ते 22 ग्रॅम, दोन वाट्या तुरीच्या वरणातून 13 च्या आसपास, थोड्या भातातून 4, कपभर दुधातून किंवा वाटीभर दह्यातून 5 ते 6. बेरीज झाली 45 च्या घरात. वरण बंद करण्याचं कारण नाही आणि प्रोटीनची महागडी पावडर आणण्याचंही नाही.

डायलिसिस सुरू झालं की हाच हिशेब उलटतो. डायलिसिसमध्ये शरीरातली काही प्रथिनं निघून जातात, म्हणून गरज वाढून किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम होते. त्याच 60 किलोच्या माणसाला आता 60 ते 72 ग्रॅम लागतात. म्हणजे वरच्या जेवणात दोन अंडी, वर एखादा माशाचा किंवा कोंबडीचा तुकडा. आधी जे मोजून खायचं ते आता आठवणीनं खायचं. पण कित्येक घरांत जुनीच पथ्याची यादी चालू राहते आणि डायलिसिसवरचा माणूस उगाच खंगत जातो.

पोटॅशियमचंही असंच. रक्तातलं पोटॅशियम ठीक असेल तर सगळी फळं आणि पालेभाज्या सोडायची गरज नाही. ते वाढलेलं निघालं तर मात्र शहाळ्याचं पाणी, केळी, सुकामेवा आणि संत्र्याचा ग्लासभर रस टाळायचा. सफरचंद, नासपती, अननस आणि जांभूळ यांत पोटॅशियम कमी असतं. भाज्यांसाठी वऱ्हाडातल्या बायांची जुनी रीत उपयोगी पडते. अंबाडीची भाजी करताना पाला उकळून, पिळून, पाणी ओतून देतात. आंबटपणा जावा म्हणून ही खटपट असते, पण त्या पाण्यासोबत बरंचसं पोटॅशियमही जातं. बटाटा किंवा पालकही असाच चिरून भरपूर पाण्यात उकळावा आणि पाणी फेकून द्यावं. याच नियमानं पोळ्याला पुरणाच्या डाळीचं पाणी काढून केलेली कटाची आमटी रुग्णाला नको, कारण डाळीतलं पोटॅशियम त्या कटात उतरलेलं असतं.

फॉस्फरसची गोष्ट थोडक्यात. ज्वारी आणि डाळीतलं फॉस्फरस शरीर पूर्णपणे शोषत नाही. कोला आणि डबाबंद पदार्थांत वरून घातलेलं फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळं रक्तात जातं. भाकरी ठेवा, कोला सोडा. आणि कामरख हे आंबट-गोड फळ किडनीच्या रुग्णानं चाखूनही बघू नये. त्यातलं विष निकामी किडनीतून बाहेर पडत नाही आणि मेंदूवर परिणाम करतं.

पाण्याबद्दल ‘भरपूर प्या’ हा सल्ला मुतखड्याच्या माणसाचा. किडनीच्या जुन्या आजारात सूज नसेल आणि लघवी नीट होत असेल तर तहानेप्रमाणे पाणी प्यावं. डायलिसिसवरच्या माणसाला मात्र बहुधा दिवसभरात होणारी लघवी अधिक अर्धा लिटर एवढीच मुभा असते. त्यात चहा, ताक आणि वरणाचं पाणीही धरायचं. चैत्रातल्या उन्हात यात्रेला जाणाऱ्याची इथं कसोटी लागते. लहान ग्लास, चूळ भरणं, बर्फाचा खडा चघळणं यांनी तहान निभते. जत्रेतली शेव-भजी टाळली तर ती मुळात लागतेच कमी. ज्यांना आजार नाही, पण जे उन्हात राबतात, त्यांचं उलट आहे. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वादोरच्या ऊसतोड मजुरांत मधुमेह नसतानाही किडनीचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला आणि उष्णता व पाण्याची तूट यांच्याकडे संशयाचं बोट गेलं. आंध्रातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यातला उद्दानम भागही अशाच आजारासाठी ओळखला जातो. वावरात, वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडात काम करणाऱ्यानं पाणी, सावली आणि विसावा यांत कसूर करू नये.

असा राबणारा माणूस रात्री अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी आणतो. पाणी कमी पडलेल्या शरीरात रोज अशी गोळी गेली तर चांगली किडनीही धोक्यात येते, बिघडलेली तर आणखी वेगानं खालावते. मुतखडा पाडणाऱ्या अनोळखी जडीबुट्या आणि भस्मं यांचाही भरवसा नाही. उलट काही गोळ्या किडनीला आधार देतात. साखरेवरचं डापाग्लिफ्लोझिन किडनीचा ऱ्हास मंदावतं, हे 2020 मध्ये मोठ्या चाचणीतून दिसलं. पुढं भारतात हे औषध स्वस्तही झालं. ते आपल्याला चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

डायलिसिस म्हणजे सगळं संपलं, असं अजूनही बोललं जातं. नोव्हेंबर 1975 मध्ये जयप्रकाश नारायण स्थानबद्धतेतून सुटून मुंबईच्या जसलोक रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा त्यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. वय 73. त्यांना डायलिसिसवर ठेवण्यात आलं. त्याच अवस्थेत त्यांनी 1977 च्या निवडणुकीत सभा घेतल्या, देशातलं सरकार बदललेलं पाहिलं, आणि ते ऑक्टोबर 1979 पर्यंत जगले. तेव्हा ही सोय देशात मोजक्या ठिकाणी होती. आज राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून ती जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोचवली जात आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आणि किडनी प्रत्यारोपण दोन्ही बसतात. एसटीच्या प्रवास सवलतींच्या यादीतही डायलिसिसच्या रुग्णांचा समावेश आहे, त्याची चौकशी जवळच्या आगारात करावी. आठवड्यातून दोन-तीन खेपा करणाऱ्या घराला तिकिटाचे पैसे वाचले तरी मोठा हातभार लागतो. ज्यांना खेपा शक्यच नाहीत, त्यांच्यासाठी पोटात द्रव सोडून घरीच करायचं डायलिसिस आहे. ते आपल्याला जमेल का, हे तज्ज्ञांना विचारता येतं.

डायलिसिससाठी हातावर फिस्टुला, म्हणजे रक्तवाहिन्यांचा जोड, केलेला असेल तर त्या हातानं पोतं उचलू नये, त्यावर बीपी मोजू देऊ नये, रक्तही काढू देऊ नये. रोज सकाळी दुसऱ्या हाताची बोटं त्यावर ठेवून बघावी. बारीक थरथर लागली तर फिस्टुला चालू आहे. लागली नाही तर त्याच दिवशी केंद्र गाठावं.

बाकी माणूस शिकवू शकतो, दुकान सांभाळू शकतो, लग्नाला जाऊ शकतो, भजनाला बसू शकतो. पुढच्या तपासणीला जाताना सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेली फाइल सोबत न्यावी, घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही न्यावं आणि चार प्रश्न विचारावेत : माझी पायरी कोणती, पोटॅशियम किती आलं, प्रथिनं किती घ्यायची आणि पाणी किती प्यायचं. मिळालेली उत्तरं फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवावीत, म्हणजे पुढच्या वेळी यादी घेऊन येणाऱ्या पाहुण्याला ते पान दाखवता येईल.