क्षणाची गती

धनुष्यातून सुटलेला बाण कोणत्याही एका क्षणी एकाच ठिकाणी असतो. मग तो हलतो केव्हा? झेनो या ग्रीक तत्त्वज्ञाची ही शंका सतराव्या शतकात युरोपात नव्याने जागी झाली. काळ ही सुट्या क्षणांची माळ, की अखंड धार? लाइब्नित्सला हा प्रश्न चक्रव्यूहासारखा वाटला. न्यूटनने लोप पावणाऱ्या राशींच्या गुणोत्तरातून क्षणाची गती काढली. पण जी राशी भागाकारापुरती अस्तित्वात असते, तीच पुढच्या पायरीला शून्य कशी होते, असे १७३४ साली बर्कलेने विचारले.

आपल्याकडे हा प्रश्न पंचांगाच्या वाटेने आला. चंद्र दिवसाला कधी सुमारे १२ अंश चालतो, तर कधी १५. तिथी संपण्याची वेळ जवळ आली असता दिवसाची स्थूल गती उपयोगी पडत नाही. म्हणून सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ‘तात्कालिक गती’ सांगितली. पुढे केरळात ज्येष्ठदेवाने १५३० च्या सुमारास ‘युक्तिभाषा’ हा मलयाळम ग्रंथ लिहिला. रेषेचे अणूएवढे तुकडे करून वर्तुळाचा परिघ अनंत श्रेणीने कसा मिळतो, हे त्याने उपपत्तीसह दाखविले.

या विद्येचा पुनःपरिचय घडविण्यात मद्रासचा वाटा मोठा आहे. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी चार्ल्स व्हिश याचा निबंध १८३४ साली प्रसिद्ध झाला. परंतु विद्वानांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १९४४ साली सी. टी. राजगोपाल आणि के. मुकुंद मारार यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात तो धागा पुन्हा उचलला. राजगोपाल पुढे मद्रासच्या रामानुजन गणितसंस्थेचे संचालक झाले. के. व्ही. शर्मा यांनी चेन्नईत राहून केलेला ‘युक्तिभाषे’चा इंग्रजी अनुवाद त्यांच्या निधनानंतर, २००८ साली, प्रसिद्ध झाला.

म्हणून न्यूटनचे सारे शास्त्र आधीच येथे होते, असे म्हणणे न्यायाचे नाही. भास्कराचार्यांना ग्रहाचे स्थान हवे होते, ज्येष्ठदेवाला परिघ. सर्व प्रकारच्या गतीचा एकच सामान्य नियम त्यांनी मांडला नाही. बर्कलेच्या शंकेचे समाधान एकोणिसाव्या शतकात कोशी आणि वायरस्ट्रास यांनी सीमेची कल्पना काटेकोर केल्यावर झाले. तिचा आशय असा, की गती ही एकाकी क्षणाची मालमत्ता नव्हे. आगेमागे असलेल्या काळाशी त्या क्षणाचे जे नाते, त्याचे ते नाव आहे. बाण त्या क्षणी एका ठिकाणी असतो, हे खरे. पण तेवढ्यावरून तो थांबला आहे, असे मात्र ठरत नाही.