पास आणि नापास यांच्या मधली पायरी

महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत परीक्षेच्या निकालाचे फार दिवस दोनच प्रकार मानले गेले : पास आणि नापास. मुंबई विद्यापीठाच्या ‘ए. टी. के. टी.’नें या दोहोंमध्यें एक चिंचोळी वाट ठेवली आहे. राहिलेला विषय मागाहून सोडविण्याच्या अटीवर विद्यार्थ्याला पुढील वर्गांत बसूं देण्याची ही सवलत होय. परंतु ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी पदवीसाठीं अमेरिकेस गेली आहे, त्या घराला एका निराळ्याच शब्दाची ओळख करून घ्यावी लागते. तो शब्द म्हणजे ‘प्रोबेशन’.

अमेरिकेंतील प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगवेगळे असले, तरी त्यांचा सांगाडा बहुधा एकच असतो. ‘ए’ श्रेणीला ४ गुणांक, ‘बी’ला ३, ‘सी’ला २, ‘डी’ला १ आणि ‘एफ’ला शून्य. प्रत्येक विषयाच्या गुणांकाला त्याच्या क्रेडिटांनीं गुणून सरासरी काढतात. ही सरासरी २ च्या खालीं गेली कीं विद्यार्थी प्रोबेशनवर येतो. त्याचें नांव पटावरून जात नाहीं, वर्गही बंद होत नाहींत. एक सत्राची मुदत मिळते, सल्लागाराची भेट सहसा सक्तीची होते, आणि सरासरी वर आणण्याची अट पडते. ती अट पुरी झाली नाहीं, तर एक सत्र किंवा वर्षभर निलंबन होतें. त्यानंतर पुन्हां प्रवेशासाठीं अर्ज करतां येतो. परत येऊनही प्रगति झाली नाहीं, तर मात्र विद्यापीठाचें दार बंद होऊं शकतें.

या नियमांत वेळेला किती मोल आहे, तें साध्या हिशेबानें कळेल. पहिल्या सत्रांत १५ क्रेडिटें घेऊन एखाद्याची सरासरी १.६ आली, म्हणजे ३० च्या ठिकाणीं २४ गुणांक पदरांत पडले. दुसऱ्या सत्रांत तितकींच क्रेडिटें घेऊन २.४ सरासरी मिळविली, तर एकूण सरासरी बरोबर २ होते. हें काम साधारण विद्यार्थ्याच्याही आवांक्यांतलें आहे. परंतु दुसरें सत्रही १.६ वरच गेलें, आणि विद्यापीठानें तिसरें सत्र दिलें, तर त्यांत २.८ मिळवावी लागते. कर्जाच्या व्याजाप्रमाणें ही तूट वाढत जाते.

निलंबनाविरुद्ध दाद मागण्याची सोय बहुतेक ठिकाणीं असते. आजारपण, घरांतील मृत्यु अशीं कारणें पुराव्यासह मांडलीं, तर त्यांचा विचार होतो. मात्र अर्ज वाचणाऱ्या समितीला दोन प्रश्नांचीं उत्तरें हवीं असतात : काय घडलें, आणि आतां काय बदललें? पहिल्याचेंच उत्तर देऊन थांबणारा अर्ज दुबळा ठरतो.

परदेशी विद्यार्थ्याला याहून मोठा धोका असतो. विद्यार्थी-व्हिसाच्या अटीप्रमाणें पदवीच्या अभ्यासक्रमांत दर सत्राला सामान्यतः निदान १२ क्रेडिटें घ्यावीं लागतात. निलंबित विद्यार्थ्यास तीं तेथें घेतां येत नाहींत, आणि त्यामुळें त्या देशांत राहण्याचा त्याचा आधारच डळमळतो. ओझें हलकें करण्यासाठीं एखादा विषय परस्पर सोडून देणेंही अंगाशीं येऊं शकतें. परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरींत आधीं विचारावें, हाच शहाणपणा.

आणि घराला हें कळणार कसें? अमेरिकेंतील १९७४ च्या एका कायद्यानें विद्यापीठांत शिकणाऱ्याच्या अभ्यासाच्या नोंदींवरील हक्क त्याच्या स्वतःच्या हातीं दिला आहे. फी नाशिकहून गेली असो वा पुण्याहून, प्रोबेशनचें पत्र सहसा विद्यार्थ्यालाच येतें. आईवडिलांना तें कळतें किंवा कळत नाहीं, हें सर्वस्वीं त्याच्या जिभेवर अवलंबून राहतें.

या मौनाचें एक जुनें उदाहरण हिंदुस्थानांतीलच आहे. श्रीनिवास रामानुजन् याला १९०४ सालीं कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयांत शिष्यवृत्ति मिळाली. गणितापुढें त्याला इतर विषय सुचेनात. तो त्यांत नापास झाला आणि शिष्यवृत्ति गेली. १९०५ सालीं तो घरीं न सांगतां विशाखापट्टणमकडे निघून गेला. पुढें १९१३ सालीं मद्रास विद्यापीठानें त्याला दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ति दिली, आणि १९१८ सालीं तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. प्रत्येक नापास विद्यार्थी रामानुजन् नसतो, हें खरेंच. परंतु घरीं सांगण्याची भीति मात्र सामान्य मुलालाही तशीच ग्रासते.

प्रोबेशन ही शिक्षा नव्हे. ती वेळीं वाजलेली घंटा आहे. विद्यापीठ घंटा वाजवूं शकतें, पण ती ऐकून मुलानें घरीं बोलावें, एवढें धैर्य त्याला घरांतूनच मिळावें लागतें. ‘आई, माझी सरासरी १.६ आली’ हें वाक्य ज्या घरीं न कचरतां उच्चारतां येतें, तेथें पुढचें सत्र अजून हातचें गेलेलें नसतें.