गाड्यांचा फुटबॉल, शाळेच्या लॅबमध्ये

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत २०१८ साली हायस्कुलांची ई-स्पोर्ट्स लीग सुरू झाली. अशा शालेय लीगमध्ये आता 'रॉकेट लीग' हा व्हिडिओ गेम चांगलाच रुळलाय. तीन विरुद्ध तीन, गाड्यांनी भलामोठा चेंडू गोलात ढकलायचा. सामना पाच मिनिटांचा. बरोबरी झाली तर लांबतो.

खरी कसरत शिक्षकांची. गेम आदल्या दिवशीच अपडेट करून ठेवायचा. नाहीतर ऐन वेळी पडद्यावर टक्क्यांचा आकडा सरकत बसतो आणि पोरं हेडफोन लावून ताटकळतात. वायफायपेक्षा केबल बरी. सहावी ते आठवीच्या मुलांना गोळीबाराचे खेळ नकोतच, असं माझं मत. आणि सगळ्यांनी कंट्रोलरच धरायला हवा असंही नाही. कुणी समालोचन करतं, कुणी संघाचं बोधचिन्ह काढतं.